बचत विकणारा वॅट

खोडदला कधी गेलात, तर आधी मान वर जाते. जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार डिश आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. अशा एकूण ३० डिश आहेत, त्यातल्या १४ इथल्या साधारण एका चौरस किलोमीटरच्या परिसरात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला इथे प्रदर्शन भरतं, तेव्हा शाळा-कॉलेजची पोरं लोटतात.

मान खाली केली की शेतं दिसतात. कांदा, टोमॅटो, ऊस आणि विहिरीवरच्या मोटारी.

आता गंमत बघा. विहिरीवरची मोटर एचपीत मोजतात. तीन एचपी, पाच एचपी. आणि डिशमध्ये येणारा ताऱ्यांचा सिग्नल ज्या एककात मोजतात, त्या जान्स्कीचा हिशेब शेवटी वॅटमध्येच होतो. दर चौरस मीटरला आणि दर हर्ट्झला एवढा एवढा वॅट. हा आकडा किती छोटा, तर दशांशचिन्हापुढे २५ शून्यं आणि मग एक. मोटर असो की तारा, दोन्हीकडे एकाच माणसाचा हात आहे. जेम्स वॅट. एचपीचं माप त्याने ठरवून दिलं आणि वॅट हे तर त्याचंच नाव.

तुमच्या ऑफिसच्या एसीवरही तेच नाव असतं, कधी पाहिलंय?

किटली विसरा

वॅट म्हटलं की शाळेतली गोष्ट आठवते. किटलीचं झाकण थडथड उडालं आणि पोराला वाफेचं इंजिन सुचलं. ती गोष्ट बाजूला ठेवा. वाफेचं इंजिन वॅटच्या जन्माआधीच चालू होतं. थॉमस न्यूकमेनने ते १७१२ मध्ये बनवलं आणि इंग्लंडच्या खाणींमधलं पाणी उपसायला ते कामाला लागलं. वॅटने वेगळंच काहीतरी केलं. त्याने उधळपट्टी शोधली.

त्याचा जन्म जानेवारी १७३६ मधला, स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदरातला. वडील जहाजांच्या कामातले. पोरगा सतत आजारी, त्यामुळे बरंचसं शिक्षण घरी, आईच्या हाताखाली. आई गेली तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा होता. पुढे लंडनला जाऊन मोजमापाची यंत्रं बनवायला शिकला. या कामाची उमेदवारी तेव्हा सात वर्षांची असायची. याने एका वर्षात आटोपली आणि तब्येत बिघडवून घेऊन परत आला. ग्लासगोत दुकान टाकायला गेला तर कारागिरांच्या संघाने आडकाठी केली, असं त्याची चरित्रं सांगतात. सात वर्षं कुठे भरलीस? शेवटी ग्लासगो विद्यापीठाने आपल्या आवारात त्याला जागा दिली. वय एकवीस. म्हणजे डिग्री नाही, लायसन्स नाही, पण कॅम्पसवर वर्कशॉप आहे.

तापवा, गार करा, पुन्हा तापवा

१७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठाचं न्यूकमेन इंजिनाचं छोटं मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. दुरुस्त झालं, पण चार-सहा फेऱ्या मारून बंद पडायचं. बॉयलर बऱ्यापैकी मोठा असूनही वाफ पुरायची नाही. दुसऱ्या कुणी मॉडेलच भंगार आहे म्हणून परत दिलं असतं. वॅट वाफ मोजत बसला.

इंजिन चालायचं असं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची. मग आत गार पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी तयार होते आणि बाहेरची हवा दट्ट्या खाली ढकलते. काम झालं. पण आता सिलिंडर गार झालेला. पुढच्या फेरीची वाफ आधी तो लोखंडी सिलिंडर तापवण्यातच खर्च व्हायची. प्रत्येक भाकरीनंतर तवा नळाखाली धरायचा आणि पुन्हा चुलीवर ठेवायचा, तसं. वॅटच्या हिशेबात साधारण पाऊण भाग वाफ अशी वाया जात होती.

उत्तर सापडायला वर्षाहून जास्त वेळ गेला. मे १७६५ मध्ये, एका रविवारी, ग्लासगोच्या मैदानावर फिरताना त्याला सुचलं. वाफ गार करायला वेगळं भांडं ठेवायचं. सिलिंडर कायम गरम, ते भांडं कायम गार. बस, एवढंच.

सुचलं एका फेरफटक्यात, बाजारात यायला अकरा वर्षं लागली. पैसे नव्हते. पोटासाठी वॅट कालव्यांची मोजणी करत हिंडला. पैसे लावणारा पहिला भागीदार, जॉन रोबक, कर्जात बुडाला. १७७३ मध्ये वॅटची बायको मार्गारेट बाळंतपणात गेली. तो आधीपासूनच डोकेदुखीने आणि निराशेने गांजलेला, त्यात हे. १७७४ मध्ये त्याने बर्मिंगहॅम गाठलं. तिथला कारखानदार मॅथ्यू बोल्टन रोबकच्या हिश्शाचा मालक झाला होता. वॅटला सौदा करायचा म्हटलं की घाम फुटायचा. बोल्टनला सौदा म्हणजे सण. जोडी जमली. जॉन विल्किन्सनच्या नव्या यंत्रावर नेमक्या मापाचे सिलिंडर मिळू लागले आणि १७७६ मध्ये पहिली इंजिनं कामाला लागली.

इंजिनाची किंमत? वाचलेल्या कोळशातून द्या

आता खरा मुद्दा. तुमच्याकडे कमी इंधनात चालणारं यंत्र आहे. गिऱ्हाईक म्हणतं, माझं जुनं चालतंय की. काय कराल?

बोल्टन आणि वॅट यांनी डोकं लढवलं. इंजिन उभारायचा खर्च खाणमालकाने करायचा. कंपनी नकाशे, महत्त्वाचे भाग आणि जाणकार माणूस देणार. कंपनीची कमाई कशातून? त्याच कामाला जुन्या इंजिनाने किती कोळसा खाल्ला असता आणि नव्याने किती खाल्ला, हा फरक काढायचा. वाचलेल्या पैशाचा एक तृतीयांश कंपनीला, बाकी खाणमालकाला. बचत नाही, तर कंपनीला पैसे नाहीत.

कॉर्नवॉलच्या तांब्याच्या आणि कथिलाच्या खाणींना हे पटलं. तिथे कोळसा नव्हता, वेल्सहून जहाजाने यायचा आणि महाग पडायचा. कोळसा जिथे स्वस्त, तिथे बचतीचं कौतुक कोण करणार?

पण फरक मोजायचा कसा? आधी जुन्या इंजिनांची चाचणी घेऊन किती कोळशात किती पाणी वर येतं ते ठरवलं. मग नव्या इंजिनाच्या दांड्यावर फेऱ्या मोजणारी पेटी बसवली. पेटीला कुलूप. खाणमालकाला आकडा खोटा करता येऊ नये म्हणून. आज तुमच्या जिन्याखालच्या मीटरला सील असतं, त्यामागचं डोकं हेच.

पुढे गिरण्यांना इंजिन विकायची वेळ आली. तिथे आधी घोडे होते. मग वॅटने हिशेब मांडला की आमचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं. एचपी आला तो असा, गिऱ्हाइकाला कळेल अशा भाषेत. दरम्यान, १७८० मध्ये या गड्याने पत्रांच्या प्रती काढायचं यंत्रही बनवलं. एवढे हिशेब आणि पत्रं, पुन्हा कोण लिहीत बसणार!

मग भांडण झालं

इथपर्यंत वॅट हिरो आहे. पुढचंही ऐका.

सुरुवातीला खुश असलेले खाणमालक वर्षामागून वर्षं पैसे भरून वैतागले. इंजिन आमचं, कोळसा आमचा, मग हप्ता कसला? मोजणीवरून इतके वाद व्हायला लागले की बऱ्याच ठिकाणी वर्षाची ठरावीक रक्कम बांधून घ्यावी लागली. १७९० च्या दशकात अनेकांनी पैसे देणंच बंद केलं. १७६९ चं पेटंट संसदेने १८०० पर्यंत वाढवून दिलं होतं. त्याच्या जोरावर कंपनीने हॉर्नब्लोअरसारख्या दुसऱ्या इंजिनवाल्यांना कोर्टात खेचलं आणि १७९९ मध्ये जिंकलीही. जास्त दाबाची वाफ वापरायला तर वॅटचा कायम विरोध. उधळपट्टी शोधणारा माणूस स्वतःच दारात आडवा बसला.

१८०० मध्ये पेटंट संपलं, वॅट निवृत्त झाला. घराच्या माळ्यावर वर्कशॉप थाटून पुतळ्यांच्या प्रती काढायची यंत्रं करत बसला. २५ ऑगस्ट १८१९ ला, ८३ व्या वर्षी गेला. १८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने विजेच्या शक्तीच्या एककाला त्याचं नाव सुचवलं.

त्याच्या हयातीतच कॉर्नवॉलमध्ये एक घडलं. १८११ पासून जोएल लीन नावाचा खाणीचा व्यवस्थापक दर महिन्याला एक पत्रक काढू लागला. कुठल्या खाणीतलं कुठलं इंजिन ठरावीक कोळशात किती पाणी उपसतं, सगळं नावानिशी छापलेलं. कुलूप नाही, सगळं उघड्यावर. मागे पडलेल्याला लाज वाटायची, पुढे गेलेल्याचं बघून बाकीचे शिकायचे. पुढच्या तीसेक वर्षांत तिथल्या इंजिनांचं सरासरी काम सुमारे तिप्पट झालं.

वॅटने बचत मोजायला शिकवलं. पण तिला वेग आला तो आकडे सगळ्यांसमोर आल्यावर.

आता तुमच्या ऑफिसात

दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट खातो. म्हणजे दोन एचपी. वॅटच्या भाषेत, तुमच्या डोक्यावर दोन घोडे जुंपलेत आणि तुम्ही खाली हुडी घालून बसलायत. ऑफिस, मॉल, हॉटेल, सगळीकडे हेच. आधी गारठवायचं, मग दार उघडं ठेवायचं, मग पुन्हा गारठवायचं. न्यूकमेनचा सिलिंडर! एसीचं तापमान एक अंश वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं केंद्राचं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगतं. २०२० पासून स्टारवाले एसी कंपनीतूनच २४ अंशांवर लावून येतात. रिमोट मात्र आपल्या हातात.

मग ऑफिसं सुधारत का नाहीत? कारण इमारत एकाची, बिल दुसऱ्याचं आणि बटण तिसऱ्याच्या हातात. मालक म्हणतो, चांगल्या काचा आणि चांगला एसी मी का घालू, बिल भाडेकरू भरतो. भाडेकरू म्हणतो, इमारत माझी थोडीच आहे. आणि तुम्ही-आम्ही? आपल्याला बिल दिसतच नाही.

इथे वॅटचा जुना सौदा पुन्हा कामाला येतो. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या दुरुस्तीत साडेसहा हजार खिडक्या त्याच इमारतीत नव्याने बांधून बसवल्या आणि काम करणाऱ्या कंपनीने वीजबचतीची हमी लिहून दिली. आपल्याकडे २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने ईईएसएल या सरकारी कंपनीशी करार केला. सरकारी इमारतींमधले जुने दिवे, पंखे, एसी बदलायचे. पैसे आधी कंपनी घालणार आणि वाचलेल्या बिलातून ते परत घेणार. वॅटच्याही एक पाऊल पुढे.

आणि लीनचं पत्रक? तेही आहे. २००९ पासून ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी ऑफिस इमारतींना स्टार देतं, फ्रिजला देतात तसे. वर्षभरात दर चौरस मीटरला किती युनिट जळाले, त्यावरून एक ते पाच. पण हे ऐच्छिक आहे. तुमच्या ऑफिसच्या दारावर असा स्टार पाहिलात का कधी?

पुन्हा खोडदला

आता परत त्या विहिरीवर या. पाच एचपीची मोटर म्हणजे साधारण ३७०० वॅट. तुमच्या ऑफिसातले अडीच एसी.

शेतीला वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. जुन्नर-आंबेगाव हा बिबट्यांचा पट्टा. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन उसाच्या कडेने दारं धरायला जायचं म्हणजे काय, ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. दिवसा वीज द्या ही मागणी इथे जिवाची आहे. तुम्ही वाचवलेलं युनिट उचलून थेट त्या विहिरीवर जाणार नाही, हे खरं. पण दोन्हीकडची वीज एकाच जाळ्यातून येते. दुपारी कुठे गारठा उधळला जातो आणि रात्री कुठे कुणी अंधारात उभं असतं, एवढं तरी आपल्याला माहीत हवं.

म्हणून एक काम करा. एचआरला किंवा कॉलेजच्या ऑफिसला एकच प्रश्न विचारा. आपल्या इमारतीचं मागच्या महिन्याचं वीजबिल किती युनिटचं आलं? जमलं तर तो आकडा नोटीस बोर्डवर लावायला सांगा. दर महिन्याला.

बिलाच्या त्या आकड्यामागे वॅटचं नाव आहे. एक युनिट म्हणजे हजार वॅट, एक तास. पेटीचं कुलूप मात्र आपल्यालाच उघडावं लागेल.