चर्चच्या छपरावरून सूर्य पाहणारे फादर सेक्की



अवकाशातील रंगीत छायाचित्रे आता मुलांच्या वह्यांच्या मुखपृष्ठांवरही असतात. आपण क्षणभर थक्क होतो आणि पान उलटतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक प्रश्न फार छळायचा : जे दिसते ते तसेच असते का? हा प्रश्न येशूसंघाच्या एका धर्मगुरूंनी थेट सूर्याला विचारला. त्यांचे नाव फादर आंजेलो सेक्की.

२८ जून १८१८ रोजी इटलीतील रेज्जो एमिलिया येथे त्यांचा जन्म झाला. वडील सुतार होते. आई मोठी व्यवहारी, तिने मुलाला शिवण-विणकामसुद्धा शिकवायला लावले. पुढे भिंगे आणि यंत्रे हाताळणाऱ्या बोटांना ते उपयोगी पडले असावे, असे आम्हांला उगीच वाटते. १८३३ साली ते येशूसंघात दाखल झाले आणि १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दुसऱ्याच वर्षी क्रांतीच्या वादळात येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. इंग्लंड आणि मग अमेरिका असा विजनवास भोगून ते परतले व रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे संचालक झाले.

या कॉलेजला लागूनच संत इग्नेशियस यांचे चर्च आहे. त्याच्यावर घुमट बांधायचा राहून गेला होता. घुमटाचा भार पेलण्यासाठी उभारलेल्या भक्कम खांबांवर फादरांनी नवी वेधशाळा उभी केली. खाली पवित्र मिस्सा, वर दुर्बीण!

१८ जुलै १८६० रोजी स्पेनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. अशा वेळी काळ्या चंद्रबिंबाच्या कडेला तांबड्या ज्वाळा दिसतात. त्या कोणाच्या? सूर्याच्या, चंद्राच्या, की नुसता दृष्टिभ्रम? हाताने काढलेली चित्रे माणसागणिक बदलत, त्यामुळे वाद मिटेना. फादर सेक्की रोमहून दुर्बीण घेऊन भूमध्य समुद्राजवळच्या डेसिएर्तो दे लास पाल्मास येथे गेले. शेकडो किलोमीटर दूर, रिव्हाबेयोसा येथे वॉरन डी ला रू हे इंग्रज संशोधक कॅमेरा लावून बसले होते. त्या काळी काचेवर ओले रसायन चढवून ते सुकण्याआधीच छायाचित्र घ्यावे लागे. खग्रास स्थिती तर काही मिनिटांचीच. हुकले की संपले.

नंतर दोन्हीकडच्या काचा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. ज्वाळांचे आकार जुळले. शिवाय सरकणारा चंद्र एका बाजूच्या ज्वाळा झाकत होता, दुसऱ्या बाजूच्या उघड्या पाडत होता. ज्वाळा सूर्याच्याच होत्या. एकट्या छायाचित्राने हे ठरले नसते.

१८६८ च्या ग्रहणात आपल्या देशातील गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांना दिसून आले की वर्णपटदर्शकातून या ज्वाळा ग्रहणाशिवायही पाहता येतात. मग फादर सेक्कीही रोममध्ये त्या न्याहाळू लागले.

ताऱ्याचा मात्र दुर्बिणीतूनही नुसता ठिपकाच दिसतो. फादरांनी त्याचा प्रकाश लोलकातून पसरवला आणि रंगपट्ट्यातल्या काळ्या रेघा वाचल्या. अशा चार हजारांवर ताऱ्यांची त्यांनी गटवारी केली : व्याधासारखे पांढरे-निळे, ब्रह्महृदय आणि आपल्या सूर्यासारखे पिवळे, काक्षीसारखे तांबूस आणि कार्बनच्या खुणा दाखवणारे गडद लाल. आपल्या मातीतली मूलद्रव्ये ताऱ्यांतही आहेत, हे त्या रेघा सांगत होत्या.

डोळा फसतोही. १८५८ साली त्यांनी मंगळाच्या चित्रातील एका गडद भागाला कालवा म्हटले. पुढे इतरांनी मंगळभर कालवे रेखाटले. १९६५ साली मरिनर-४ यानाने जवळून छायाचित्रे पाठवली. कालवे कुठेच नव्हते.

१८७० साली इटलीच्या सैन्याने रोम घेतले. नव्या सरकारने देऊ केलेले विद्यापीठातील पद फादरांनी नाकारले, पोपमहोदयांशी असलेली निष्ठा सोडली नाही. १८७३ च्या कायद्याने धर्मसंघांची मालमत्ता गेली. त्यांची कीर्ती एवढी होती की त्यांना मात्र वेधशाळेतून कोणी हलवले नाही. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी वेधशाळा सरकारजमा झाली.

२००६ साली नासाने सूर्याकडे रोखलेली स्टिरिओ नावाची दोन याने सोडली, एक पृथ्वीच्या पुढे, एक मागे, म्हणजे एकाच सूर्याची दोन ठिकाणांहून छायाचित्रे घेता यावीत. त्यांवरील कॅमेऱ्यांच्या संचाला नाव दिले सेक्की.