विश्लेषण : बॉब मार्ली यांना नखाखालच्या कर्करोगाने कसे गाठले?

जमैकाचे रेगे संगीत जगभर पोहोचवणारे गायक बॉब मार्ली यांचे ११ मे १९८१ रोजी अमेरिकेतील मियामीत निधन झाले. वय अवघे ३६. कारण होते मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग. सावळ्या किंवा काळ्या त्वचेला तो होत नाही, असा समज आजही आहे. मार्ली यांचे आयुष्य तो खोडून काढते.

नेमके काय घडले?

मार्ली यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९४५ रोजी जमैकातील नाइन माइल या खेड्यात झाला. १९७६ मध्ये किंग्स्टनच्या घरी झालेल्या गोळीबारातून ते बचावले. फुटबॉलचे त्यांना वेड होते. १९७७ मध्ये उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम बरी होईना. तपासणीत नखाखाली मेलानोमा निघाला. खेळताना लागल्यामुळेच कर्करोग झाला, असे सिद्ध झालेले नाही. पण साधी जखम समजून गाठीकडे दुर्लक्ष होते, हा खरा धोका.

उपचार कोणते झाले?

डॉक्टरांनी अंगठा काढण्याचा सल्ला दिला. रास्ताफारी श्रद्धेमुळे मार्ली यांना ते मान्य नव्हते. नख आणि त्याखालचा भाग काढून मांडीची त्वचा तिथे बसवण्यात आली. दौरे सुरूच राहिले. सप्टेंबर १९८० मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना ते कोसळले. कर्करोग मेंदूपर्यंत पोहोचला होता. तरीही २३ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये ते गायले. तो कार्यक्रम शेवटचा ठरला. पुढे जर्मनीत घेतलेल्या पर्यायी उपचारांचा उपयोग झाला नाही. मायदेशी परतताना वाटेत, मियामीतच त्यांची प्राणज्योत मालवली.

हा मेलानोमा वेगळा कसा?

मेलानोमा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत सुरू होतो. गोऱ्या त्वचेत ऊन हे त्याचे मोठे कारण. तळहात, तळपाय आणि नखांखाली होणाऱ्या ‘ॲक्रल’ प्रकाराचा मात्र उन्हाशी फारसा संबंध नसतो. भारतीयांत मेलानोमा कमी आढळतो. पण आढळतो तेव्हा बऱ्याचदा पायावरच.

आज काय बदलले?

पसरलेल्या मेलानोमावर तेव्हा प्रभावी औषध नव्हते. २०११ पासून नवी इम्युनोथेरपी आणि लक्ष्यवेधी औषधे आली. ॲक्रल प्रकारात त्यांचा परिणाम तुलनेने कमी दिसतो. म्हणून वेळेत निदान आणि शस्त्रक्रिया हाच मोठा आधार.

कधी दाखवावे?

नखावरचा काळपट उभा पट्टा रुंदावत असेल, रंग नखालगतच्या त्वचेवर पसरत असेल किंवा तळव्यावरचा डाग वाढत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. सावळ्या त्वचेत असे पट्टे बहुतेकदा निरुपद्रवी असतात. शंका असल्यास बायोप्सीने खात्री होते.