पाइप फुटला तरी गाडी थांबणार! एअर ब्रेक देणाऱ्या वेस्टिंगहाऊस यांची गोष्ट

रेल्वेच्या दोन डब्यांमध्ये लोंबणारे रबरी पाइप पाहिलेत? त्यांतून हवा खेळते, आणि त्या हवेवर गाडीचे ब्रेक चालतात.

ही करामत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांची. जन्म १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातला. तेव्हा मालगाड्यांच्या टपावरून धावत ब्रेकमन एकेका डब्याचा ब्रेक हाताने आवळायचे. कित्येकांचा त्यात जीव गेला.

१८६९ मध्ये, वयाच्या २२व्या वर्षी वेस्टिंगहाऊस यांनी एअर ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनातून पाइपात दाबाची हवा सोडली की ब्रेक लागायचे. पण एक घोळ होता. पाइप फुटला की हवा गेली, ब्रेकही गेले!

मग १८७२ मध्ये त्यांनी गणितच उलटं केलं. प्रत्येक डब्याखाली हवेची टाकी आणि ट्रिपल व्हॉल्व्ह आला. पाइपात दाब असेपर्यंत ब्रेक सुटे. पाइप फुटून दाब उतरला, की टाकीतली हवा आपोआप ब्रेक लावणार.

१८९३ मध्ये अमेरिकेने रेल्वेत असे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा केला. १९१४ मध्ये वेस्टिंगहाऊस गेले. भारतीय रेल्वेचे एअर ब्रेक आजही याच तत्त्वावर चालतात. म्हणूनच गाडी सुटण्याआधी पाइपातून हवा गळत नाही ना, हे तपासलं जातं.