गाठ कुठं आहे यावरून सवय ओळखणारे डॉ. खानोलकर

परभणी, जिंतूर, गंगाखेड, कुठंही जा. तंबाखू मळणाऱ्याला टोकलं की उत्तर ठरलेलं. आमच्या आजोबांनी आयुष्यभर खाल्ली, काही झालं नाही. कॅन्सर काय, नशिबात असेल त्याला होतो.

हे नशीब ८० वर्षांपूर्वी एका मराठी डॉक्टरांनी तपासून पाहिलं होतं. त्यांचं नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडनमधून १९२३ मध्ये पॅथॉलॉजीत एमडी केलं. मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल आणि जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांनी घेतली.

पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली गाठ बघतो. खानोलकर पेशंटच्या सवयीही बघायचे. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० केसेसचा आढावा छापला. पुढच्याच वर्षी सवयींतून होणारे कॅन्सरचे तीन प्रकार मांडले. खैनी खालच्या ओठामागं धरणाऱ्यांना गाठ तिथंच. चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात ठेवून ओढणाऱ्यांना टाळूला. आणि धोतर वर्षानुवर्षं कमरेला एकाच जागी घट्ट कसणाऱ्यांना त्या जागच्या कातडीचा.

नशीब असं सवयीची नेमकी जागा शोधून येत नाही.

मग रक्ताचा काहीच संबंध नाही का? खानोलकरांनी तेही सोडलं नाही. डॉ. एल. डी. संघवींसोबत त्यांनी मुंबईतल्या आपसातच लग्नं करणाऱ्या ६ समाजगटांचे रक्तगट आणि इतर आनुवंशिक गुण तपासले. गटागटांत फरक निघाले. आज आपल्याला माहीत आहे की, जनुकं वेगळी म्हणून एकाच सवयीचा धोका कुणाला जास्त, कुणाला कमी असतो. एखादे आजोबा सुटतात, त्यात याचाही वाटा असू शकतो. पण नातवाकडं आजोबांची सगळी जनुकं येत नाहीत. सवय मात्र पूर्ण येऊ शकते.

१९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे संचालक खानोलकरच. १९५४ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९६० ते ६३ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात.

जनुकं बदलणं आपल्या हातात नाही. तंबाखूची पुडी मात्र आपल्याच खिशात असते.