अब्राहाम लिंकन व गेटिसबर्ग येथील त्यांचे भाषण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सोळावे अध्यक्ष अब्राहाम लिंकन यांचे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकले असेल. गुलामांस मुक्त करणारा पुरुष म्हणून ते जगभर ओळखले जातात. परंतु ऐन युद्धकाळात, रणात पडलेल्या शिपायांच्या कबरस्तानात त्यांनी केलेले एक लहानसे भाषणही तितकेच प्रसिद्ध आहे. त्याचा अर्थ नीट कळावा म्हणून त्यांच्या चरित्राकडे थोडी दृष्टी टाकू.

लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी संस्थानात, लाकडी ओंडक्यांच्या एका झोपडीत झाला. ते नऊ वर्षांचे असता त्यांची आई वारली. सावत्र आई म्हणताच जे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते, त्याहून त्यांची सावत्र आई सारा अगदी निराळी होती. तिने या मुलावर माया केली व त्याच्या वाचनास उत्तेजन दिले. शाळेत त्यांचे सारे दिवस मोजले तर एक वर्षही भरणार नाही. बाकीचा काळ कुऱ्हाड हाती घेऊन रान तोडण्यात गेला. पवित्र शास्त्र, इसापच्या गोष्टी आणि आपल्याकडे ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आलेला बनियनचा ग्रंथ, अशी मोजकी पुस्तके त्यांनी पुनःपुन्हा वाचली. पुढे दुकानदारी, टपाल व जमिनीची मोजणी अशी कामे करीत ते कायदा शिकले व १८३६ साली वकील झाले.

१८६० साली ते अध्यक्ष निवडून आले. त्या वेळी त्या देशात सुमारे चाळीस लाख माणसे गुलामगिरीत होती. गुलामांच्या श्रमावर कापूस पिकविणारी दक्षिणेकडील संस्थाने फुटून निघाली व एप्रिल १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले. प्रारंभी लिंकन यांचा हेतू देश एकत्र राखावा एवढाच होता, हे सत्य लपविण्याचे कारण नाही. परंतु युद्ध वाढत गेले तसे त्यांच्या मनाने घेतले की, दास्य राखून देश राखता येणार नाही. १ जानेवारी १८६३ रोजी त्यांनी बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा काढला.

या दूरच्या युद्धाची झळ व कमाई आपल्या मुंबईसही पोहोचली. अमेरिकेचा कापूस बंद पडल्यामुळे विलायतेच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर अवलंबून राहिल्या व भाव भडकले. भोर घाटातील लोहमार्ग १८६३ सालीच खुला झाला होता. आज मुलुंड व घाटकोपर ही गजबजलेली उपनगरे आहेत, त्याच वाटेने तेव्हा देशावरच्या गाड्या बंदराकडे धावत. शहरात शेअरांचे वेड माजले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले व अनेक पेढ्या बुडाल्या. तिकडे माणसे मरत होती आणि इकडे त्याच कारणाने पैसा वाहत होता.

गेटिसबर्ग हे पेनसिल्व्हेनिया संस्थानातील सुमारे चोवीसशे वस्तीचे लहान गाव. तेथे १८६३ च्या जुलैच्या १ ते ३ तारखांस घनघोर लढाई झाली. दोन्ही बाजूंचे मिळून मृत, जखमी व बेपत्ता सुमारे पन्नास हजार झाले. त्यांपैकी सात हजारांहून अधिक मरण पावले. प्रेते घाईघाईने उथळ खड्ड्यांत पुरली होती. तेव्हा डेव्हिड विल्स नामक स्थानिक वकिलाने पुढाकार घेतला, सतरा एकर जागा मिळविण्यात आली व उत्तरेच्या शिपायांस तेथे रीतसर माती देण्याचे काम सुरू झाले.

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी त्या जागेच्या समर्पणाचा विधी झाला. मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट हे मोठे विद्वान. ते सुमारे दोन तास बोलले. अध्यक्षांस केवळ समारोपाचे चार शब्द बोलण्याची विनंती होती. ते उठले, सुमारे पावणेतीनशे शब्द बोलले व दोन-तीन मिनिटांत खाली बसले. आगगाडीत एका पाकिटावर हे भाषण खरडले अशी दंतकथा आहे, ती खरी नव्हे. त्यांनी ते राजधानीतच विचारपूर्वक लिहावयास घेतले होते. दुसऱ्या दिवशी एव्हरेट यांनी स्वतः पत्र लिहून कळविले की, आपण दोन तासांत जे साधले नाही ते अध्यक्षांनी दोन मिनिटांत साधले.

असे त्यात काय होते? प्रथम त्यांनी आपल्या राष्ट्राच्या जन्मापासूनची सत्त्याऐंशी वर्षे मोजली, तीही नव्वदाव्या स्तोत्राची आठवण व्हावी अशा रीतीने. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत या तत्त्वावर उभारलेले राष्ट्र टिकेल काय, याचीच या युद्धात परीक्षा आहे, असे ते म्हणाले. नंतर त्यांनी सभेचा हेतूच उलटा करून दाखविला. ही भूमी आम्ही पवित्र करू शकत नाही. ज्यांनी येथे प्राण वेचले त्यांनी ती आधीच पवित्र केली आहे. समर्पण करावयाचे ते भूमीचे नव्हे, तर जिवंतांनी स्वतःचे, आणि तेही मृतांच्या हातून अपुऱ्या राहिलेल्या कार्यास. साऱ्या भाषणात त्यांनी शत्रूचे नाव घेतले नाही, विजयाची फुशारकी मारली नाही, एकाही सेनापतीची स्तुती केली नाही.

बोलणारा स्वतः शोकाशी अपरिचित नव्हता; आदल्याच वर्षी त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली मरण पावला होता. गेटिसबर्गहून परतताच त्यांना सौम्य देवी आल्या. त्यांच्यासोबत गेलेला कृष्णवर्णी सेवक विल्यम जॉन्सन हाही देवीने आजारी पडला व जानेवारी १८६४ मध्ये वारला. अध्यक्ष बरे झाले, सेवक गेला. समतेचे कार्य किती अपुरे होते, हे या एका घरातील गोष्टीवरूनही मनात येते. युद्ध संपत आले असता, १४ एप्रिल १८६५ रोजी, उत्तम शुक्रवारी, लिंकन यांस नाटकगृहात गोळी घालण्यात आली व दुसऱ्या दिवशी सकाळी ते निवर्तले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. मात्र दक्षिणेतील कृष्णवर्णीयांस मताचा हक्क खऱ्या अर्थाने मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले.

या कार्याचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला. पुण्याच्या मिशन शाळेत शिकलेले जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला व गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस तो अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, अशी आशाही त्यांनी व्यक्त केली. गेटिसबर्गचे अपुरे कार्य आपलेही आहे, हे त्यांनी अशा रीतीने दाखवून दिले.

उपनगरांत राहणाऱ्या आमच्या पुष्कळ वाचकांचे मूळ गाव सातारा किंवा रत्नागिरीकडे आहे. त्या भागातील कित्येक गावांत एक साधी शिळा दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसे गेली व किती परत आली नाहीत, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. सणास गावी गेल्यावर तिला हार घालणे योग्यच आहे. परंतु लिंकन यांची शिकवण ध्यानी घेता, तेवढ्याने आपले देणे फिटत नाही. ज्या गावाने आपले पुत्र दिले, त्या गावात आज कोणास विहिरीवर, पंगतीत किंवा प्रार्थनेच्या जागी मागे उभे राहावे लागत असेल, तर कार्य अद्याप अपुरे आहे; आणि ते मृतांच्या नव्हे, आपल्या हाती आहे.