चाळिशीत पुन्हा पहिला धडा

समजा, तुम्ही तुमच्या फील्डमध्ये नंबर वन आहात. तुमच्या नावावर हॉल फुल होतो, रेडिओवर तुम्हीच, दुकानात तुमच्याच रेकॉर्ड्स. वय चाळीस. अशा वेळी तुम्ही एखाद्या सरांकडे जाऊन मला पहिल्यापासून शिकवा, असं म्हणाल? आणि तुमची तीस वर्षांची सवय आधी मोडावी लागणार असेल, तर थांबाल की कल्टी माराल? बेनी गुडमन थांबला. त्याची गोष्ट तुम्हाला सांगायचीय ती त्यासाठीच.

क्लॅरिनेट म्हटलं की आपल्याला वरातीतला बँड आठवतो. काळी लांब नळी, तिच्यावर चंदेरी चाव्या आणि ड्रमच्या गदारोळातूनही वर ऐकू येणारा सूर. १९३० च्या दशकातल्या अमेरिकेत हे वाद्य वाजवणारा एक माणूस आजच्या पॉपस्टारइतका फेमस होता.

बेनीचा जन्म ३० मे १९०९ रोजी शिकागोत झाला. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले गरीब ज्यू, आणि बेनी बारा भावंडांतला नववा. वडील डेव्हिड शिंपीकाम करायचे, पुढे कत्तलखान्याच्या आवारात राबले. मुलांच्या नशिबी हे येऊ नये म्हणून त्यांनी तिघांना जवळच्या सिनेगॉगमध्ये संगीत शिकायला नेलं. तिथे वाद्यं वाटली गेली ती अंगापिंडाप्रमाणे. थोरल्या हॅरीला भलामोठा ट्युबा, फ्रेडीला ट्रम्पेट आणि सगळ्यात लहान, दहा वर्षांच्या बेनीला क्लॅरिनेट. म्हणजे करिअर ठरलं ते उंचीवरून!

पुढे फ्रान्झ शोएप नावाचे कडक शिस्तीचे जर्मन शिक्षक त्याला मिळाले. तेव्हाच्या शिकागोत गोरे आणि कृष्णवर्णीय यांची जगं वेगळी होती, पण शोएप यांच्याकडे दोन्हीकडची मुलं शिकायची. सोळाव्या वर्षी बेनी बेन पोलॅकच्या नावाजलेल्या बँडमध्ये दाखल झाला. मुलगा कमावता झाला आणि १९२६ च्या डिसेंबरमध्ये गाडीच्या धडकेत वडील गेले. ज्या माणसाने हातात क्लॅरिनेट दिली, त्याला मुलाचं यश बघायला मिळालं नाही.

ते यश आलं २१ ऑगस्ट १९३५ रोजी. बेनीचा स्वतःचा बँड देशभर दौरा करत लॉस एंजेलिसला पोचला होता. दौरा जवळपास फ्लॉप. पॅलोमार बॉलरूममध्येही सुरुवातीला हळुवार, सेफ गाणी वाजली आणि पब्लिक थंडच राहिलं. मग बुडायचंच आहे तर आपलं आवडतं वाजवून बुडू, या हिशेबाने त्यांनी फ्लेचर हेंडरसनच्या जोरकस अरेंजमेंट्स काढल्या. पोरं नाचायचं सोडून स्टेजभोवती गोळा झाली. स्विंगचं युग त्या रात्रीपासून मोजतात. बेनीला ‘किंग ऑफ स्विंग’ हा किताब मिळाला. पण हेही लक्षात ठेवा, की त्या संगीताचा पाया घालणारा हेंडरसन कृष्णवर्णीय होता आणि राजेपद मिळालं ते गोऱ्या बेनीला.

या बाबतीत बेनीने एक पाऊल मात्र ठाम टाकलं. पियानिस्ट टेडी विल्सन आणि व्हायब्राफोन वाजवणारा लायनेल हॅम्प्टन या दोन कृष्णवर्णीय कलाकारांना त्याने १९३६ मध्ये आपल्यासोबत उघडपणे स्टेजवर बसवलं. मिश्र बँड लोकांसमोर आणणं तेव्हा धंद्याच्या दृष्टीने मोठी रिस्क होती. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या बालेकिल्ल्यात, त्यांचा जॅझ कार्यक्रम गाजला.

इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण बेनीला शोएप सरांकडे शिकलेलं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत खुणावत होतं. मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट रेकॉर्ड करायचा पहिला प्रयत्न पार फसला. पुरेशी तयारी न करता तो स्टुडिओत गेला आणि आपल्याला हे झेपत नाही हे कळल्यावर काम सोडून निघून आला. मग नीट मेहनत करून १९३८ मध्ये बुडापेस्ट क्वार्टेटसोबत त्याने तीच रचना रेकॉर्ड केली.

त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट केली. जुन्या रचना वाजवण्यासोबत आपल्या काळातल्या संगीतकारांकडून नव्या लिहून घ्यायच्या, असं ठरवलं. व्हायोलिनवादक योझेफ सिगेटीच्या मध्यस्थीने हंगेरियन संगीतकार बेला बार्टोकला काम दिलं. मागितली होती तबकडीच्या दोन बाजूंवर मावेल एवढी छोटी रचना. बार्टोकने ‘कॉन्ट्रास्ट्स’ लिहिली ती तीन भागांची, त्याहून कितीतरी मोठी आणि अवघड. ती वाजवायला एक क्लॅरिनेट पुरत नाही, दोन वेगळ्या पट्ट्यांच्या लागतात. १९४० मध्ये बार्टोक स्वतः पियानोवर बसला आणि तिघांनी ती रेकॉर्ड केली.

१९४७ मध्ये बेनीने पॉल हिंडेमिथ आणि एरन कोपलँड या दोघांकडे एकेक कॉन्चेर्टो मागितला. कोपलँडला मानधन होतं २००० डॉलर. त्याने ऑर्केस्ट्रात फक्त तंतुवाद्यं, हार्प आणि पियानो ठेवले. ड्रम नाही, तरी जॅझचा ठेका हवा, म्हणून डबल बेसच्या तारांवर चापट्या मारायला लावल्या. १९४८ मध्ये रचना पूर्ण झाली, पण पहिला प्रयोग झाला थेट नोव्हेंबर १९५० मध्ये. काही उंच स्वर बेनीला जड वाटले आणि कोपलँडने ते खाली आणले. विचार करा, किंग ऑफ स्विंगने एक जागा मला जमत नाही म्हणायचं!

मधल्या काळात, १९४९ मध्ये, बेनी इंग्लिश क्लॅरिनेटवादक रेजिनाल्ड केल यांचा विद्यार्थी झाला. तोवर तो वरचे दात माउथपीसवर टेकवून वाजवायचा. आता दोन्ही ओठ दातांवरून आत वळवून माउथपीस धरायला शिकायचं होतं. बोटांची ठेवणही बदलायची होती. त्यासाठी बोटांवरचे जुने घट्टेसुद्धा त्याने काढून घेतले. तीस वर्षं शरीरात मुरलेली सवय मोडायची म्हणजे रोज स्वतःचाच बेसूर आवाज ऐकायचा. आपल्याला सेकंड इयरला ब्रँच बदलायचं म्हटलं तरी घाम फुटतो.

याची किंमत त्याने मोजली. अनेक जॅझप्रेमींना वाटलं की त्याच्या वाजवण्यातली जुनी धग गेली. शास्त्रीयवाल्यांपैकी काहींनी त्याला शेवटपर्यंत आपला मानलं नाही. शिवाय माणूस म्हणून तो सोपा नव्हताच. कुणी चुकलं की तो नुसता रोखून बघायचा, आणि वादकांनी त्या नजरेला ‘द रे’ असं नावच पाडलं होतं. १९६२ च्या सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावरून परतलेले त्याचे साथीदार वैतागलेले होते. परफेक्शनचा हट्ट स्वतःपुरता ठेवला तर शिस्त, दुसऱ्यावर लादला तर जाच. बेनीच्या आयुष्यात तुम्हाला दोन्ही दिसतं.

पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पूलांक क्लॅरिनेट सोनाटा लिहून जानेवारी १९६३ मध्ये अचानक गेला. पियानोवर तो स्वतः बसणार होता. एप्रिलमध्ये कार्नेगी हॉलमध्ये बेनीने त्याचा पहिला प्रयोग केला, पियानोवर लिओनार्ड बर्नस्टाइन. १३ जून १९८६ रोजी न्यू यॉर्कमध्ये हार्ट अटॅकने बेनी गेला, तेव्हा तो ७७ वर्षांचा होता आणि रियाज सुटलेला नव्हता. बार्टोक, कोपलँड, पूलांक या तीन रचना आज जगभर क्लॅरिनेट शिकणाऱ्यांच्या हातात असतात. त्या त्याच्यापेक्षा सफाईने वाजवणारे पुढे खूप आले. पण त्यातल्या दोन त्याने मागितल्या नसत्या, तर या सगळ्यांना वाजवायला त्या मिळाल्याच नसत्या.

आज रात्री हेडफोन लावून दोन गोष्टी ऐका. आधी १९३८ च्या कार्नेगी हॉलमधलं ‘सिंग, सिंग, सिंग’. मग कोपलँडचा कॉन्चेर्टो, कोपलँडच्याच संचलनाखाली बेनीने रेकॉर्ड केलेला. पहिल्यात सगळं जग खिशात असलेला पोरगा ऐकू येईल. दुसऱ्याची सुरुवात अगदी संथ आहे, लपायला जागा नाही. तिथे प्रत्येक सूर जपून ठेवणारा माणूस तुम्हाला भेटेल.