मुंबईत बांधलेल्या जहाजावरचं पोरगं आणि ‘ड्रेडनॉट’ : ॲडमिरल जॅकी फिशर

मसाट (सिल्वासा) : समुद्र आपल्या मसाटहून दिसत नाही, पण लढाऊ जहाजांशी आपलं नातं जुनं आहे. 1772 मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं ‘सांताना’ हे जहाज पकडलं. त्याची भरपाई म्हणून 1779 च्या तहानंतर पेशव्यांनी 12,000 रुपये महसुलाची गावं पोर्तुगीजांना द्यायचं कबूल केलं आणि 1783 मध्ये नगर हवेली त्यांच्या ताब्यात गेली. म्हणजे एका जहाजापायी आपल्या मुलखाची पावणेदोनशे वर्षं बदलून गेली. आज गोष्ट सांगायची आहे ती मात्र इंग्रजांच्या एका ॲडमिरलची. 10 जुलै ही त्यांची पुण्यतिथी. नाव जॉन आर्बथनॉट फिशर, सगळे जॅकी म्हणायचे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या प्रचंड लढाऊ जहाजांना ज्या जहाजाच्या नावावरून ‘ड्रेडनॉट’ म्हणतात, ते बांधून घेणारा हा माणूस.

फिशर यांचा जन्म 25 जानेवारी 1841 चा, सिलोनमधल्या रांबोडा इथला. वडील कॅप्टन विल्यम फिशर लष्करातून बाहेर पडून कॉफीच्या मळ्यात शिरले आणि त्या मळ्याने त्यांना कधी वर येऊ दिलं नाही. अकरा भावंडं झाली, सात जगली. थोरल्या जॅकीला सहाव्या वर्षी इंग्लंडला आजोबांकडे पाठवून दिलं. त्यानंतर बाप-लेकाची भेट झालीच नाही. पुढे मोठ्या पदावर गेल्यावर फिशर यांच्या पिवळट रंगावरून विरोधकांनी कंडी पिकवली, की याची आई कुणी सिंहली राजकन्या असणार. रंग आजारपणांनी आलेला होता. पण लंडनच्या बड्या घरांत ही कुजबुज बरीच वर्षं चालली.

1854 मध्ये तेरा वर्षांचा जॅकी आरमारात भरती झाला. परीक्षा म्हणजे थोडं लिहिणं, थोडं गणित आणि डॉक्टरपुढे उघड्या अंगाने खुर्चीवरून उडी. पास झाल्यावर त्याला पाठवलं ‘कलकत्ता’ या 84 तोफांच्या जहाजावर. पहिल्याच दिवशी आठ खलाशांना फटके मारताना बघून पोराला भोवळ आली.

हे ‘कलकत्ता’ आपल्या मुंबईच्या गोदीत बांधलेलं. 1831 मध्ये ते पाण्यात उतरलं. वाडिया घराण्याने ही गोदी पिढ्यान् पिढ्या सांभाळली. मूळपुरुष लवजी नसरवानजी सुरतेहून 1736 मध्ये मुंबईत आले आणि त्यांच्या वंशजांनी ब्रिटिश आरमारासाठी सागवानाची मोठमोठी जहाजं बांधली. ओकच्या लाकडाची जहाजं काही वर्षांत कुजायला लागायची, सागवान मात्र टिकायचं. लाकडातलं तेल खिळ्यांचा गंज रोखायचं, ओकमधला आम्लाचा अंश उलट लोखंड खायचा. आपल्या हवेलीचं सागवानही याच कामाला जात होतं. दमणला पोर्तुगीजांनी बांधून 1843 मध्ये पाण्यात सोडलेली ‘दोम फर्नांदो दुसरा ई ग्लोरिया’ ही फ्रिगेट नगर हवेलीच्या सागवानाची. 1963 मध्ये ती जळाली, नंतर दुरुस्त केली आणि आज लिस्बनसमोर नदीपलीकडे अल्माडाला बघायला ठेवली आहे. कुणाचं तिकडे जाणं झालं तर जरूर बघा, आपल्या जंगलातलं लाकूड आहे ते.

पुढची तीसेक वर्षं फिशर चढतच गेले. चीनमधल्या लढाया झाल्या. मग 1863 मध्ये ‘वॉरियर’ या नव्या लोखंडी जहाजावर ते तोफखान्याचे अधिकारी झाले. त्या जहाजाचं चिलखत साडेचार इंच लोखंडाचं आणि त्यामागे अठरा इंच सागवान! म्हणजे लाकडाचा जमाना संपला तरी सागवानाची गरज काही संपली नव्हती. 1882 मध्ये ‘इन्फ्लेक्सिबल’चे कप्तान म्हणून ते अलेक्झांड्रियावरच्या तोफमाऱ्यात होते. तिथे आमांशाने असे खंगले की मायदेशी परत पाठवावं लागलं.

21 ऑक्टोबर 1904 ला ते फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे आरमाराचे मुख्य झाले. आल्या आल्या त्यांनी 154 जहाजं एका फटक्यात कामातून काढली. मी कॉमर्सचा विद्यार्थी, त्यामुळे हा भाग मला फार आवडतो. घसारा आम्ही वहीत मांडायला शिकलो, पण वहीत शून्यावर आलेलं मशीन कारखान्यातून बाहेर काढायला मालकाचं मन होत नाही, हे मसाटच्या औद्योगिक वसाहतीत कुणालाही विचारा. चालतंय ना, मग राहू दे! फिशर यांचा हिशेब असा, की जे जहाज लढूही शकत नाही आणि पळूही शकत नाही, त्यावरची माणसं आणि पैसा फुकट अडकून पडतो. ती माणसं काढून त्यांनी राखीव जहाजांवर नेमली. पहिल्याच वर्षी आरमाराच्या खर्चात 35 लाख पौंडांची कपात झाली. जुने ॲडमिरल अर्थातच खवळले. लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड यांच्याशी तर वैरच जडलं.

मग ‘ड्रेडनॉट’. 2 ऑक्टोबर 1905 ला पोर्ट्समथच्या गोदीत पाया घातला, 10 फेब्रुवारी 1906 ला राजे सातवे एडवर्ड यांच्या हस्ते जहाज पाण्यात उतरलं आणि 3 ऑक्टोबरला चाचणीला निघालं. एक वर्ष आणि एक दिवस. एरवी अशा जहाजाला तीन वर्षं लागत. यात जादू काही नव्हती. पोलादी पत्रे ठरावीक मापांचे घेतले, माल आधीच गोदीत आणून ठेवला आणि दुसऱ्या दोन जहाजांसाठी बनत असलेले तोफांचे बुरूज उचलून इकडे बसवले. त्या दोन जहाजांना उशीर झाला तो झालाच.

जहाजात नवं काय होतं? आधीच्या जहाजांवर चार मोठ्या तोफा आणि बाकी मध्यम-लहान मापांच्या असायच्या. लांबवर मारा करताना गोळा पडून पाण्याचा फवारा उडतो, त्यावरून नेम पुढे-मागे करायचा असतो. पण सगळ्या मापांचे गोळे एकदम पडले तर कुठला फवारा कुठल्या तोफेचा, कळणार कसं? ‘ड्रेडनॉट’वर म्हणून बारा इंची दहा तोफा, पाच फिरत्या बुरुजांत. प्रत्येक गोळा सुमारे 385 किलोचा. डोलकाठीवरच्या माचीवरून अंतरमापक यंत्राने शत्रूचं अंतर मोजायचं, खाली खोलीत त्याचा वेग आणि दिशा धरून हिशेब करायचा आणि आकडा तोफांकडे पाठवायचा. वाफेचं जुनं दट्ट्याचं इंजिन जाऊन पार्सन्स यांचं टर्बाइन आलं. वेग 21 नॉट, म्हणजे ताशी 39 किलोमीटर. खर्च सुमारे पावणेअठरा लाख पौंड. एक घोडचूकही होती : डोलकाठी पहिल्या धुराड्याच्या मागे उभी केली, त्यामुळे माचीवरच्या माणसांच्या डोळ्यांत धूर आणि अंगाला भाजणारी धग!

‘ड्रेडनॉट’ने जगातली सगळी जुनी लढाऊ जहाजं एका दिवसात जुनाट ठरवली. त्यात सर्वांत जास्त जहाजं इंग्रजांचीच होती. आता जर्मनीलाही शून्यापासून मोजायची संधी मिळाली आणि दोघांची शर्यत सुरू झाली. टीकाकार हेच म्हणत होते. माझं मत विचाराल तर, कुणीतरी हे जहाज बांधणारच होतं. अमेरिकेने आणि जपानने तशी जहाजं आखायला घेतलीच होती. फिशर यांची खरी चूक दुसरीकडे आहे. त्यांचा जीव वेगावर. त्यासाठी त्यांनी ‘बॅटलक्रूझर’ काढल्या : तोफा मोठ्या, वेग 25 नॉट आणि चिलखत मात्र पातळ. 31 मे 1916 ला जटलंडच्या लढाईत अशा तीन बॅटलक्रूझर एकापाठोपाठ फुटल्या. 3,300 च्या आसपास माणसं गेली. दारू कोठारांची दारं लवकर गोळे चढवण्यासाठी उघडी ठेवली जात होती, हेही त्यामागचं मोठं कारण, त्यामुळे सगळा दोष पत्र्याच्या जाडीवर टाकता येणार नाही.

फिशर यांचा दुसरा ध्यास तेलाचा होता. कोळसा भरायला जहाजाचे सगळे खलाशी लागत, दिवस जाई. तेल नळीने भरता येई. निवृत्तीनंतर 1912 मध्ये त्यांना इंधनाच्या शाही आयोगाचं अध्यक्ष केलं आणि ‘क्वीन एलिझाबेथ’ वर्गाची जहाजं पूर्ण तेलावर बांधली गेली. पण इंग्लंडमध्ये कोळसा होता, तेल नव्हतं. म्हणून 1914 मध्ये सरकारने अँग्लो-पर्शियन कंपनीत 51 टक्के वाटा घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात, इतर कारणांबरोबर ही तेलाची सोय राखायला, सहावी पूना डिव्हिजन शत-अल-अरबच्या मुखाशी उतरली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्या कूत-अल-अमारामध्ये वेढ्यात अडकल्या, घोडे मारून खाण्याची वेळ आली आणि 29 एप्रिल 1916 ला डिव्हिजनने शरणागती पत्करली. कैदेत किती तरी जण वाळवंटातल्या वाटचालीत गेले. कोकणातल्या आणि देशावरच्या ज्या घरातला मुलगा परत आला नाही, त्या घराने फिशर हे नाव ऐकलंही नसेल.

युद्ध लागल्यावर 73 वर्षांच्या फिशर यांना ऑक्टोबर 1914 मध्ये पुन्हा बोलावलं. आल्या आल्या त्यांनी दोन बॅटलक्रूझर दक्षिणेला धाडल्या आणि 8 डिसेंबरला फॉकलंडजवळ जर्मनांचा ताफा बुडाला. पण डार्डानेल्सच्या मोहिमेवरून चर्चिल यांच्याशी बिनसलं आणि 15 मे 1915 ला त्यांनी राजीनामा दिला. ऐन युद्धात जागा सोडून निघून गेले म्हणून राजापासून सगळे चिडले. पुन्हा त्यांना आरमाराचं काम मिळालं नाही, फक्त शोधांच्या एका मंडळाचं अध्यक्षपद. 1918 मध्ये पत्नी वारल्या. 10 जुलै 1920 ला तेही गेले.

त्यांचं पहिलं जहाज, मुंबईचं ‘कलकत्ता’, 1908 मध्येच तोडायला विकलं होतं. तेव्हा आरमाराचे मुख्य फिशरच होते. ‘ड्रेडनॉट’ जटलंडच्या लढाईत नव्हतं. त्याने बुडवलेलं एकमेव शत्रूचं जहाज म्हणजे 1915 मध्ये धडक देऊन बुडवलेली एक जर्मन पाणबुडी. फिशर गेल्यानंतर वर्षभरात ते 44,000 पौंडांना भंगारात निघालं.